जंगलातील मुक्कामासाठी चाकू : फिक्स्ड ब्लेड की घडीचा?

पायवाट

डोंगरात आणि जंगलात मुक्काम करण्याचा आता बऱ्यापैकी सराव झाला आहे आणि अडचणीच्या वेळी भिस्त ठेवता येईल असा एक चाकू घेण्याचा विचार करतो आहे. आतापर्यंत घडीचा लहान चाकू वापरत आलो. दोरी कापणे, काठीला टोक करणे, पट्टी कापणे अशा कामांना तो पुरला. मात्र जिथे वाचावे तिथे फिक्स्ड ब्लेडच (न मिटणाऱ्या पात्याचा चाकू) हवा, आणि तोही जाड, लांब व फुल टँग (पात्याचा मुठीतला भाग, म्हणजे टँग, मुठीएवढाच रुंद व लांब असलेला), असा आग्रह दिसतो. उलट असे मोठे चाकू घेणारे अनेकजण ते सॅकच्या तळाशी ठेवून सोबत्याचा छोटा चाकू मागतात, हेही पाहिले आहे. घडीच्या चाकूची मर्यादा नेमकी कोठे येते, पाते किती लांब व जाड असावे आणि पोलाद कोणते घ्यावे, यावर जाणकारांनी लिहावे.

निसणा

मर्यादा सांध्यात आहे. घडीच्या चाकूचे पाते एका खिळीवर फिरते आणि उघडल्यावर त्याला लॉक धरून ठेवते. हे लॉक पाते बोटांवर मिटू नये एवढ्यासाठीच असते. पाते आडवे पिळले किंवा त्याने एखादी वस्तू उचकटली, तर तो ताण खिळीवर येतो आणि सांधा हळूहळू ढिला होत जातो. लायनर लॉकमध्ये एक पातळ पट्टी पात्याच्या बुडाशी येऊन अडते. त्या फटीत वाळू किंवा चिखल गेला, तर पट्टी पूर्ण बसत नाही, आणि हे वरून पाहून चटकन लक्षात येत नाही. लॉक नसलेल्या, केवळ पाठीमागच्या स्प्रिंगवर उघडे राहणाऱ्या चाकूने तर टोक दाबून भोक पाडण्याचे काम करूच नये. ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा घडीचा चाकू १८९० पासून बनतो आणि १९५५ पासून त्याला पाते अडवणारे फिरते कडे आहे. ते लॉक साधे आणि उत्तम आहे, पण लाकडी मूठ भिजून फुगली की पाते उघडायला नखे मोडतात. थंडीने बोटे बधिर झाली असताना कोणताही घडीचा चाकू उघडणे हे एक वेगळे कामच होऊन बसते. फिक्स्ड ब्लेड म्यानातून काढला की वापरायला तयार असतो, आणि काम झाल्यावर नुसत्या पाण्याने धुतला तरी स्वच्छ होतो.

मात्र यावरून ‘जितका जाड तितका चांगला’ असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. सहा मिलिमीटर जाडीचे पाते लाकूड फोडते, पण बारीक ढलप्या काढताना ते लाकडात शिरण्याऐवजी बाजूला घसरते, आणि ओल्या हवेत आग पेटवण्यासाठी नेमक्या त्या कागदासारख्या ढलप्याच लागतात. दहा ते बारा सेंटिमीटर लांबी आणि अडीच ते चार मिलिमीटर जाडी बहुतेकांना पुरते. मोरा या स्वीडिश कंपनीच्या कंपॅनियन या फिक्स्ड ब्लेडचे पाते साधारण अडीच मिलिमीटर जाड आहे आणि तो फुल टँगही नाही, तरीही रानातील नेहमीची सारी कामे तो करतो. फुल टँगचा खरा फायदा लाकडावर पाते ठेवून पाठीवर दांडक्याने ठोकताना मिळतो. शिवाय मुठीच्या पट्ट्या तुटल्या, तरी उरलेल्या पोलादाला दोरी गुंडाळून काम भागवता येते. टँग मुठीत शिरताना एकदम अरुंद झाला असेल आणि तिथला कोपरा काटकोनी असेल, तर चाकू बहुधा त्याच जागी मोडतो.

राखुंडी

वरील मताशी सहमत आहे. पोलादापुरते लिहितो. १०९५ हे साधे कार्बन स्टील असून त्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. ते दगडावर लवकर धार घेते, पण ओले राहिले तर लवकर गंजही धरते. स्टेनलेस म्हणवण्यासाठी पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम लागते. १४सी२८एन या स्टेनलेस पोलादामध्ये ते सुमारे १४ टक्के असते, आणि समुद्रकाठी किंवा सततच्या पावसात मी असेच काहीतरी निवडेन. डी२ या पोलादामध्ये क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असले, तरी त्यातील बराच भाग कार्बाइडमध्ये (कार्बनशी जुळलेल्या कठीण कणांत) अडकतो, त्यामुळे त्याचा चाकू निर्धास्तपणे ओला ठेवता येत नाही.

पोलादाच्या नावापेक्षा पात्याच्या पाठीकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला वाटते. फेरो रॉडवर (खरवडल्यावर ठिणग्या देणाऱ्या धातूच्या कांडीवर) ठिणगी पाडायला पाठीचा कोपरा टोकदार, नव्वद अंशांचा हवा. पाठ गोलसर असेल किंवा तिच्यावर काळा थर असेल, तर आधी कानशीने तो कोपरा उघडा करून घ्यावा. धारेने रॉड खरवडून धार वाया घालवू नये. गारगोटीवर ठिणगी हवी असेल, तर मात्र कडक कार्बन स्टीलच लागते.

पायवाट

दोघांचेही आभार. लाकूड फोडण्याचे काम खरोखर चाकूने करावे लागते का? आणि घडीचा चाकू बाद करावा काय?

निसणा

करावे लागते, पण क्वचित. सततच्या पावसात लाकडाचा आतला कोरडा गाभा हवा असतो तेव्हा मनगटाएवढे लाकूड उभे फोडावे लागते. त्या वेळी पात्याचे टोक लाकडाबाहेर काही सेंटिमीटर उरले पाहिजे, नाहीतर ठोकायला जागाच राहत नाही. गाठ असलेले लाकूड बाजूला ठेवावे. पाते लहान असेल, तर आधी एक चीर पाडून तिच्यात लाकडाच्या पाचरी ठोकाव्यात. चाकूचे काम मग पाचरी तासण्यापुरते उरते.

घडीचा चाकू ठेवाच. तो खिशात असतो, आणि सॅक वाहून गेली तरी तुमच्याजवळ राहतो. त्याच कारणासाठी फिक्स्ड ब्लेडही कमरेला असावा, सॅकमध्ये नव्हे. त्याचे म्यान उलटे करून हलवले तरी चाकू सुटता कामा नये आणि म्यानाच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी छिद्र असावे. घेताना ओल्या हाताने मूठ धरून पाहा; बोटे धारेकडे सरकत असतील, तर तो चाकू घेऊ नका.

राखुंडी

धारेबद्दल राहून गेले. प्रथमच फिक्स्ड ब्लेड घेत असाल, तर स्कँडी घासणीचे (दोन्ही बाजूंनी एकाच सपाट उतरणीने थेट धारेपर्यंत घासलेले) पाते घ्या. त्याची रुंद उतरण दगडावर सपाट टेकते, त्यामुळे कोन अंदाजाने धरावा लागत नाही आणि प्रवासातही छोट्या दगडावर धार लावता येते. बाकी, पात्याच्या लांबीविषयी आणि लॉकविषयी देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत. जिथे जाणार तिथले आधी पाहून घ्या, आणि विमानप्रवासात दोन्ही चाकू चेक-इन सामानातच ठेवा.