मदत हवी आहे: कॅलरिकमध्ये चारपैकी एकच आकडा पडलाय, उजवा कान कमजोर म्हणायचा का?

तोलमोल
नमस्कार मंडळी. व्हीएनजीवर (गॉगलमधल्या कॅमेऱ्याने डोळ्यांची हालचाल टिपणारी तपासणी) हवेने केलेल्या कॅलरिकच्या (कानात गरम-थंड हवा फुंकून तोलाच्या अवयवाचा प्रतिसाद पाहणारी चाचणी) एका रिपोर्टवर गाडी अडलीय. गरम हवा 50 अंश सेल्सिअस, थंड 24, प्रत्येक वेळी 60 सेकंद, प्रवाह मिनिटाला 8 लिटर. पेशंट उताणा, डोकं 30 अंश वर, गॉगल झाकलेला. नायस्टॅग्मसच्या (डोळे आपोआप एका बाजूला हळू सरकून उलट बाजूला झटक्याने परतणं) स्लो फेजचा, म्हणजे हळू सरकण्याचा, कमाल वेग (अंश प्रति सेकंद), केलेल्या क्रमाने:

उजवा गरम 8
डावा गरम 26
उजवा थंड 22
डावा थंड 24

सॉफ्टवेअर सांगतं: उजवीकडे 25 टक्के कमजोरी, दिशेचा कल (एका दिशेचे प्रतिसाद दुसऱ्या दिशेपेक्षा जोरकस असणं) डावीकडे 20 टक्के. काही न करता दिसणारा नायस्टॅग्मस नाही. व्हीहिटमध्ये (डोकं झटक्याने हलवून डोळे किती साथ देतात ते पाहणारी चाचणी) आतल्या कानातल्या दोन्ही आडव्या नलिकांचा गेन (डोळ्यांच्या आणि डोक्याच्या वेगाचं गुणोत्तर) 0.9च्या वर, म्हणजे नॉर्मल. चक्करेची गोळी आदल्या रात्रीपर्यंत चालू होती. रिपोर्टमध्ये काय लिहावं?

मंदगती
टक्केवारी जरा बाजूला ठेवा, आधी चार आकडे नुसते वाचा. उजवा कान खरंच मंद असता तर त्याचं गरम आणि थंड दोन्ही खाली आलं असतं. इथे थंड 22 आहे, म्हणजे डाव्याच्या बरोबरीचं. आता दुसरी शक्यता, डावीकडे मारणारा (झटका डावीकडे असलेला) छुपा नायस्टॅग्मस. गरम हवेने झटका त्याच कानाकडे येतो, थंडने उलट कानाकडे. तसं असतं तर उजवीकडे मारणारे दोन्ही प्रतिसाद, म्हणजे उजवा गरम आणि डावा थंड, जोडीने पडले असते. डावा थंड तर 24 आहे. गोळीचा दोष धरावा, तर गोळी चारही आकडे खाली ओढते, एकच निवडून पाडत नाही. (तरी पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारून 48 तास आधी बंद करवा.)

एकटा आकडा पडला की संशय कानावर नाही, त्या एका फुंकरीवर घ्यायचा. त्यातही ही पहिलीच फुंकर. पहिला प्रतिसाद सहसा सगळ्यांत जोरकस येतो, म्हणून 8 जास्तच खटकतोय.

निळा_गॉगल
सहमत. हवेच्या यंत्रात नेहमीचा घोळ नळीच्या दिशेचा असतो. कानाची पाळी वर-मागे ओढून पडदा नजरेत आणायचा आणि पूर्ण 60 सेकंद तो नजरेतून जाऊ द्यायचा नाही. टोक जरा जरी सरकलं तर हवा कर्णनलिकेच्या भिंतीवर आदळते आणि पडद्यापर्यंत ऊब पोचतच नाही. मळाचंही तेच.

अजून एक पाहा: उजव्या गरमच्या ट्रेसमध्ये (डोळ्यांच्या हालचालीच्या आलेखात) सुरुवातीला नायस्टॅग्मस उलटा, म्हणजे डावीकडे मारणारा होता का? पडद्याला भोक असून आत ओल असेल तर गरम हवेने ओल सुकते, त्यामुळे आधी गारवा येतो आणि दिशा उलटते. तसं असेल तर त्या कानाची डाव्याशी तुलनाच करू नका. आणि भोक असलेल्या कानात पाणी अजिबात नको.

तोलमोल
पडदा अखंड आहे, मळ नाही, दिशाही बरोबर उजवीकडेच. पण कच्चा ट्रेस उघडल्यावर एक दिसलं. फुंकर सुरू झाल्यापासून 65 ते 95 सेकंदांत पापण्या जवळजवळ मिटलेल्या आहेत. सॉफ्टवेअरने 8 हा आकडा त्याच्या पुढच्या भागातून उचललाय.

मंदगती
मग सापडलं. कमाल वेग साधारण 60 ते 90 सेकंदांत येतो, म्हणजे शिखर गेलं आणि मशीनने उतार मोजला. पेशंट पेंगला की असं होतं. हवा थांबताच बोलतं करा. "सातचे पाढे म्हणा" एवढ्याने भागत नाही, कारण पाठ असलेलं झोपेतही येतं. शंभरातून सात-सात वजा करायला लावा, किंवा एकेका अक्षराने सुरू होणारी नावं विचारा.

उजवा गरम पुन्हा करा, आधीच्या फुंकरीनंतर किमान 5 मिनिटं सोडून. समजा 23 आला, तर उजव्याची बेरीज 45, डाव्याची 50, फरक 5 टक्के, म्हणजे नॉर्मल. शिखर मशीनवर सोडू नका, पापणीची उडी वगळून सलग तीन स्वच्छ ठोके हाताने निवडा.

निळा_गॉगल
पुन्हा केल्यावरही 8-10च आला तर उजवा थंडही परत घ्या. तेव्हा दोन्ही कमी निघाले तर कमजोरी खरी माना, व्हीहिट नॉर्मल असलं तरी. कॅलरिक नलिकेला अतिमंद गतीने हलवतं, सुमारे 0.003 हर्ट्झ, आणि व्हीहिट झटक्याने. मेनिएरमध्ये (चक्कर आणि कमी ऐकू येणं असा आतल्या कानाचा आजार) कॅलरिक कमी आणि व्हीहिट ठीक ही जोडी नेहमी भेटते.

तोलमोल
पेशंट घरी गेलाय, लगेच येणार नाही. तोवर?

मंदगती
25 टक्के छापू नका. थंडाची थंडाशी तुलना करा: 22 विरुद्ध 24, फरक 4 टक्के. आणि लिहा: "उजव्या गरम फुंकरीत डोळे मिटलेले असल्याने ते मोजमाप ग्राह्य नाही. थंड हवेला दोन्ही कानांचा प्रतिसाद समान. उजवी गरम फुंकर पुन्हा करावी." कच्चा ट्रेस सोबत जोडा.