ठसे जुळत नाहीत म्हणून रेशन अडवता येतं का?

बंदरकर: जाळी ओढून बोटं झिजतात, मशीन अंगठा घेत नाही. दुकानदार म्हणतो, ‘पुढच्या महिन्यात या.’ हे घटनेत बसतं का?

कायदेवाली: नाही बसत, दादा. सुप्रीम कोर्टाच्या २०१८च्या आधार निकालात आधार कायद्याचं कलम ७, म्हणजे सरकारी लाभासाठी आधार मागायची मुभा, टिकलं. पण ठसे न जुळल्याने कुणी वंचित राहणार नाही, ही सरकारची हमीही त्यात नोंदली आहे. केंद्राची २४ ऑक्टोबर २०१७ची सूचना दाखवा: आधारकार्ड व रेशनकार्ड पाहून, वेगळ्या वहीत नोंद करून धान्य द्यायचं. त्याच निकालातलं न्यायमूर्ती चंद्रचूडांचं भिन्नमत जरूर वाचा. माणसाचे हक्क यंत्राच्या शक्याशक्यतेवर टांगता येत नाहीत, हा त्यातला गाभा मला बहुमतापेक्षा भक्कम वाटतो.

खाडीकाठ: मशीनवरच्या नकाराचा फोटो तारखेसह काढा. तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्याच. तोंडी तक्रारीचा मागमूस राहत नाही. मग अन्नसुरक्षा कायदा २०१३, कलम १५ खाली जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागा.