फराळाने वजन वाढलंय, आता डिटॉक्स करू का?

फराळग्रस्त_पुणे
वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत जे चाललं ते चाललंच, त्यात मामाकडे, आत्याकडे, सासुरवाडीला जिथे जाईन तिथे ताट पुढे, आणि नाही म्हणायची सोय नाही. आता काटा जवळपास तीन किलो जास्त दाखवतोय. पहाटे चालायला जायचो ते पण बंद पडलंय. ऑफिसातला एकजण म्हणतोय तीन दिवस फक्त ज्यूस पी, सगळं साफ होतं. कोणी केलंय का असं? घरात अजून चकल्या, शंकरपाळे, बेसन लाडूचे डबे भरलेले आहेत ते वेगळंच.

भाकरतुकडा
ज्यूसबिस काही नको. तीन किलो चरबी एवढ्यात चढत नाही हो, एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, तेवढ्या रोजच्या जेवणाच्या वर खायला लागतात. तुमचं बरंचसं पाणी आहे. गोड आणि मैदा जास्त झाला की शरीर ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, वर चिवडा-चकलीचं मीठ आहेच. नेहमीचं जेवण सुरू केलंत की आठवड्याभरात काटा आपोआप बराच खाली येतो. ज्यूसवर राहिलात तरी येईल, कारण जाणार आहे ते पाणीच, आणि श्रेय मात्र ज्यूसला! साफसफाईला लिव्हर आणि किडन्या बसल्यात, त्यांना तीन दिवसांचं पॅकेज लागत नाही.

सांगलीची_काकू
अरे बाळा पहिलं ते डबे डायनिंग टेबलावरून हलव. आमच्याकडे भाऊबीज झाली की उरलेलं सगळं वाटून टाकते, वॉचमन, कामवाल्या मावशी, शेजारची कॉलेजची पोरं, दोन दिवसांत फस्त. समोर असलं की येताजाता हात जातोच, चहाबरोबर दोन शंकरपाळे म्हणता म्हणता वाटी संपते, आणि बेसनाचा एक बरा मोठा लाडू दीडशे-पावणेदोनशे कॅलरीला सहज जातो, तूप काय कमी घालतो का आपण. रात्री मुगाची खिचडी-ताक नाहीतर ज्वारीची भाकरी आणि मेथी, थंडीत मेथी छान मिळते. आणि सकाळी नाश्ता बुडवून दुपारी भुकेने वखवखत डब्यापाशी जायचं हे अजिबात करू नकोस.

चालतो_मी
काकूंशी सहमत, फक्त वाटून टाकायचं म्हणजे दुसऱ्याच्या पोटात ढकलायचं 😀 असो. पहाटेचं लगेच जमवायला जाऊ नका, उशिरा झोपायची सवय लागलेली असते, अलार्म बंद करून परत झोपाल. त्यापेक्षा रात्री जेवल्यावर सोसायटीतच पंधरा मिनिटं चाला, जेवणानंतर चाललं की साखर कमी उसळते, त्यासाठी बूट-ट्रॅकपँट काही लागत नाही. झोप जागेवर आली की पहाटेचं बघू.

गोळीवाला
एक राहिलं. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर ज्यूस, उपास, काहीही मनाने करायचं नाही, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि लगेच एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची टेस्ट, करून घाबरू पण नका, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी असते, दिवाळीचे चार दिवस त्यात फार वेगळे उठून दिसत नाहीत.

फराळग्रस्त_पुणे
गोळ्या नाहीत कसल्या. ज्यूस कॅन्सल. ज्वारीचं दळण आज टाकतो, चकल्या-शंकरपाळे उद्या ऑफिसला नेतो, तो ज्यूसवालाच अर्धे संपवेल. पण काकू, तुळशीच्या लग्नानंतर लग्नांचे मुहूर्त सुरू होतात, तीन पत्रिका आल्यात आत्ताच, त्याचं काय?

सांगलीची_काकू
लग्नात जेव की पोटभर, कोण नको म्हणतंय. घरी येऊन परत चिवडा काढू नकोस म्हणजे झालं.