कार्डाचं नाव नको, वॅट बघा

थ्रीडी कामासाठी कुठला लॅपटॉप घ्यावा यावर वर कुणीतरी लिहिलंय की आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड आहे ना, मग पातळ आणि हलका दिसेल तो घ्या, काम सारखंच होणार. रॅमबद्दलचं त्यांचं म्हणणं पटलं, १६ जीबीवर आता खरंच भागत नाही, पण काम सारखंच होणार हे अजिबात पटलं नाही. लॅपटॉपमधलं ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही पॉवरवर चालवायची कंपन्यांना मुभा आहे, नाव मात्र तेच राहतं, आणि पॉवर कमी की कामही हळू. आमच्या ऑफिसात इंटिरियरचे रेंडर करतो, म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून खऱ्यासारखी चित्रं काढतो, तिथे एकाच कार्डाचे दोन लॅपटॉप शेजारी शेजारी आहेत, एक पातळ आणि एक चांगला जाडजूड, आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तीच फाईल लावली की जाडा मोकळा होतो तरी पातळ्याचं चालूच असतं, वर कीबोर्ड इतका तापतो की हात ठेववत नाही.

हा वॅटचा आकडा दुकानातल्या स्टिकरवर सहसा नसतो. कंपनीच्या साईटवर स्पेसिफिकेशनमध्ये 'टीजीपी' किंवा 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' शोधा, डेमो पीस असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडून सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बघा, दुकानदार कुरकुरला तरी बघाच, लाखभर रुपये आपले जाणारेत. आणि ४०७० या वरच्या कार्डासाठी जास्तीचे पैसे मोजणार असाल तर एक लक्षात घ्या, लॅपटॉपमध्ये त्यालाही ८ जीबीच व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आहे, ४०६० इतकीच, त्यामुळे सीन जड असेल तर तिथे काही सुटका नाही.