एकाचे अनेक होणारा नायक: विनोद टिकवावा कसा?

माळवी बोरू (इंदूर): भाच्यासोबत मी एक विनोदी चित्रकथा रचत आहे. तिचा नायक टाळी वाजवताच स्वतःच्या प्रतिकृती निर्माण करतो. परंतु काही पानांनंतर प्रत्येक प्रसंगात नुसती गर्दीच दिसू लागली आहे. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

खवय्या: शक्तीची किंमत हास्यास्पद असावी. मार्व्हलच्या १९७५ मध्ये अवतरलेल्या ‘मल्टिपल मॅन’ला धक्का बसला की प्रतिकृती निघते आणि ती परत सामावली की तिच्या आठवणीही त्याच्याकडे येतात. आपला नायक रात्री इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊबाजारात पाठवा. एकाने भुट्ट्याचा कीस, दुसऱ्याने तळलेला गराडू कंद, तिसऱ्याने मावाबाटी मनसोक्त हाणली आणि ओळखीचे कोणी दिसताच तिघे एक झाले, तर पोट मात्र एकच उरेल! (गराडू हिवाळ्यातला, तेव्हा चित्रात अंगावर स्वेटर रेखाटायला विसरू नका.)

जुना वाचक: खाण्याचा विनोद एकदाच चालेल. देवीमाहात्म्यातील रक्तबीजाच्या रक्ताच्या प्रत्येक थेंबातून त्याच्याच तोडीचा असुर उठतो, म्हणून तेथे भय आहे. विनोदासाठी प्रतिकृती एकमेकींच्या तोडीच्या नसाव्यात, एक आळशी, एक भित्री, एक नको तितकी प्रामाणिक असावी, आणि खलनायक समोर उभा असताना स्कूटरची किल्ली कोणाकडे, यावरच त्यांचे जुंपावे.

माळवी बोरू: किल्लीचा प्रसंग भाच्याने लगेच रेखाटायला घेतला आहे. मूळ नायक कोणता, हे वाचकाला कळू द्यावे का?

जुना वाचक: मुळीच नाही. प्रत्येकाला तो मानही हवा असतो आणि वीजबिल मात्र दुसऱ्याने भरायला हवे असते.