पीएचडी सोडायची की रेटायची? सोमवारच्या आत सांगा

मृगसर
पाचवं वर्ष चालू आहे. प्रबंध अर्धामुर्धा झालाय, गाइड येत्या जूनमध्ये रिटायर होताहेत आणि सोमवारपर्यंत मला कळवायचं आहे. सोडली तर घरचे म्हणणार इतकी वर्षं कशात घातली. नाही सोडली तर हातात आलेलं जाईल. ज्यांनी अर्ध्यावर सोडली किंवा शेवटपर्यंत नेली, त्यांनीच लिहा. ‘मनाचं ऐका’ वगैरे नको, ते घरी रोज ऐकायला मिळतं. इथे रेंज फक्त गच्चीवर येते, त्यामुळे उत्तराला उशीर होईल.

निवृत्त मास्तर
सोमवारपर्यंत कुणाला काय कळवायचं आहे? विषय कोणता, नोंदणी कधीची, नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, झालीय का, फेलोशिप चालू आहे का, पेपर छापून आलाय का? एवढं कळायच्या आत कुणी ठाम सल्ला दिला तर तो घेऊ नका.

तासिका_तत्त्व
मी देतो ठाम सल्ला. सोडा. माझी पीएचडी २०१७ ला झाली, सेट त्याच्या आधीच. आज तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतोय. उन्हाळ्याचे पैसे नाहीत, झालेल्या तासांचं बिल कधी निघेल ते बिल काढणाऱ्यालाही ठाऊक नसतं. नावापुढे डॉ. लागलं म्हणून गावातले दोघं-तिघं बीपी दाखवायला येऊन गेले, तेवढाच उपयोग. वर यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, ३० जून २०२३ च्या राजपत्रात सहायक प्राध्यापकासाठीची पीएचडीची सक्तीही काढून टाकली. १ जुलैपासून नेट किंवा सेट पुरे. मग कशापायी मरायचं? भाऊ, सोडा आणि मोकळे व्हा.

अभ्यासिका
वय किती आहे? एमपीएससीला खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत संधी आहे. पीएचडीवाल्यांना बसायची सवय असते, तो मोठा फायदा. २०२३ ला नुसत्या तलाठ्याच्या ४६४४ जागा निघाल्या होत्या. राज्यव्यवस्थेच्या नोट्स माझ्याकडे आहेत, पाहिजे असतील तर मेसेज करा.

वखरवाला
राजेहो, मी बारावी नापास, पण एक इचारतो. पाच वर्सं शिकूनच राह्यले त खाऊन काय राह्यले? माह्या पुतण्यानं एमएस्सी केली, आता कृषी सेवा केंद्रात औषधाच्या बाटल्या मोजते. अन् शेतीचं म्हणाल त सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५३२८, पण खेडा खरेदीवाला म्हणते माल ओला हाय. कोणाकडं ओल मोजाची मशीन हाय का? केवढ्याले येते?

मृगसर
एमपीएससीचं मी विचारलेलंच नाही. ओलाव्याचंही नाही.
विषय प्राणिशास्त्र, कपाशीच्या शेतातले कोळी. नोंदणी जानेवारी २०२१. सेट आहे. फेलोशिप मार्चमध्ये संपते. पेपर एक पाठवलाय, अजून उत्तर नाही. आता सांगा.

निवृत्त मास्तर
आता बोलता येईल. तुमची नोंदणी २०२१ ची, म्हणजे तुम्हाला यूजीसीचे २०१६ चे नियम लागू. कमाल मुदत सहा वर्षं, जानेवारी २०२७ पर्यंत. घाबरण्यासारखं काही नाही, पण रेंगाळण्यासारखंही नाही. गाइड निवृत्त झाले तर विद्यापीठ दुसरा मार्गदर्शक देतं आणि जुन्यांना सहमार्गदर्शक म्हणून ठेवता येतं. हा अर्ज ते सेवेत असतानाच त्यांच्या सहीने जाऊ द्या. निवृत्त माणसाची सही मिळवायला त्याच्या मुलाच्या गावी जावं लागतं, हे मी निवृत्त झालेला असल्यानेच सांगतो.
आणि तासिकाराव, तुम्ही अर्धंच सांगितलंत. सहायक प्राध्यापक सेटवर होता येतं, पण सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएचडी लागतेच. मुलाखतीला बोलावताना जे गुणांकन होतं, त्यातही पीएचडीचं वजन सेटपेक्षा कितीतरी जास्त असतं.

तासिका_तत्त्व
मुलाखत निघेल तेव्हाचं ते. मास्तर, तुमच्या वेळी जागा होत्या. आता जागा निघाली तरी संस्थाचालकाच्या केबिनमध्ये प्रबंध कुणी उघडून बघत नाही, बॅग उघडून बघतात. राहिला पेपर, प्रबंधाआधी तो छापून यायची अट तर २०२२ च्या नियमांत गेली. उगाच वाट बघू नका.

निवृत्त मास्तर
ती अट गेली नोव्हेंबर २०२२ नंतर नोंदणी झालेल्यांची. यांना प्रबंध सादर करण्याआधी तज्ज्ञांकडून लेख तपासून छापणाऱ्या नियतकालिकात किमान एक पेपर आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणं लागतात. चुकीचं सांगून कुणाचं वर्ष घालवू नका.

काउंटर नंबर ३
तुम्ही सगळे भाऊ भाऊ करताय, मला वाटतं या ताई आहेत. आणि सोमवारी काय आहे ते अजूनही सांगितलेलं नाही.
मी तिसऱ्या वर्षी सोडली. रसायनशास्त्र. बँकेत लागले, आज पस्तावा नाही. पहिली दोन वर्षं मात्र कुणी ‘झाली का पीएचडी’ विचारलं की लग्नाच्या पंगतीतून उठून हात धुवायला जायचे. नंतर लोक विचारायचे थांबले.

मृगसर
हो, ताईच.
सोमवारी हजर व्हायचं की नाही ते कळवायचंय. पवित्र पोर्टलमधून, म्हणजे सरकारी शिक्षकभरतीतून, कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्राला निवड झालीय. तीन वर्षं शिक्षणसेवक, महिना २०,०००. आत्ता फेलोशिप ४२,००० मिळते, म्हणून घरात कुणाला हिशेब पटत नाही. पण मार्चनंतर शून्य, हे कुणी धरत नाही.
लग्न होऊन मी दारव्हा तालुक्यात आले. विद्यापीठ राहिलं दुसऱ्या टोकाला. नमुने सगळे घरी, गोदरेजच्या कपाटात खालच्या दोन फळ्यांवर, काचेच्या कुप्यांमध्ये सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. मे महिन्यात ते उडतं, सारखं भरावं लागतं. शाई विरघळते म्हणून चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहून कुपीच्या आतच टाकलेल्या. सासूबाई त्या कपाटाला हात लावत नाहीत, पाहुण्यांना सांगतात सूनबाईचं औषधाचं दुकान आहे.
राहिलंय काय, तर साधारण एक तृतीयांश नमुन्यांची ओळख पटवणं आणि शेवटची दोन प्रकरणं. ओळख पटवायला विभागातल्या मायक्रोस्कोपवर बसावं लागतं. नोकरी धरली तर जाणार कधी?

हिंजवडीकर
एवढंच ना? मोबाइलला जोडायचा डिजिटल मायक्रोस्कोप ऑनलाइन मिळतो, स्वस्त असतो. आणि खरं सांगू का, तुमच्याकडे एवढा डेटा आहे, पायथन शिका. सहा महिन्यांत घरबसल्या डेटा अ‍ॅनालिस्ट व्हाल. माझ्या टीममध्ये वनस्पतिशास्त्रवाली एक आहे.

काउंटर नंबर ३
ज्या बाईला धागा वाचायला गच्चीवर जावं लागतं, तिला घरबसल्या नोकरी सुचवताय. शाब्बास.

मृगसर
त्या मायक्रोस्कोपने कोळी दिसतो. त्याची जात ठरवायला मादीच्या पोटाखालचं जननांग सोडवून बघावं लागतं, नराचं तोंडाजवळचं पाल्प. एकाच वंशातल्या दोन जाती बाहेरून सारख्याच दिसतात. त्याला स्टिरिओ मायक्रोस्कोपच पाहिजे.

निवृत्त मास्तर
ताई आहात हे आधी सांगितलं असतंत तर अर्धा धागा वाचला असता. स्त्रियांना मुदतीत दोन वर्षांची सवलत आहे, म्हणजे तुमची कमाल मुदत जानेवारी २०२९. बाळंतपण किंवा बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. शिवाय लग्नामुळे गाव बदललेल्या संशोधक स्त्रीला आपलं संशोधन जवळच्या विद्यापीठात नेता येतं. काम गाइडच्या अनुदानित प्रकल्पातलं नसलं पाहिजे आणि मूळ विद्यापीठाला व मार्गदर्शकाला श्रेय द्यायचं. विभागातले लोक हे आपणहून सांगत नाहीत.

दुधाळ
ताई, कोळ्यांचं निघालंच आहे तर विचारतो. आमच्या गोठ्यात कोळी लय झाले. वर सगळं जाळंच जाळं. म्हशीला चावतील काय? कोणतं औषध मारू?

मृगसर
औषध अजिबात मारू नका! गोठ्यात वैरण असते, म्हशी ती खातात, दुधात काय उतरेल ते सांगता येत नाही. ते कोळी तुमच्या गोठ्यातल्या माश्या आणि डास खाताहेत, म्हशीशी त्यांचं काही देणंघेणं नाही. जाळी फार झाली तर लांब दांड्याच्या झाडूने उतरवा, चार दिवसांत ते परत बांधतील, बांधू द्या.
शेतातलंही सांगते. कपाशीच्या पानावर हिरवट-पिवळा, पायांवर काटे असलेला, टुणकन उडी मारणारा बारका कोळी दिसला तर तो ऑक्सिओपिस. तो जाळं विणतच नाही, पानावर फिरून तुडतुडे आणि पांढरी माशी पकडतो. जमिनीवर पळणारा करडा दिसतो तो लांडगा कोळी. मादी अंड्यांची पिशवी मागे चिकटवून हिंडते, पिल्लं निघाली की सगळी पाठीवर घेते. वखर चालतो तिथेही दिसेल, खाली वाकून बघा. लागवडीनंतर पहिल्या महिना-दीड महिन्यात घाईने फवारलं की हेच आधी मरतात, आणि मग रस शोषणाऱ्या किडीला रान मोकळं. बोंडअळीचं मात्र खोटं सांगणार नाही. अळी एकदा बोंडात शिरली की कोळी काही करू शकत नाही, पतंग हाती लागला तरच.
फोटो टाका, गोठ्यातला कोणता ते बघते.

वखरवाला
हे बराबर बोलली माय. २०१७ ले आपल्या यवतमाळात फवारताना किती माणसं गेली, आपण पाह्यलं. हे गावात येऊन कोण सांगते? औषधवाला त सांगत नाई, त्याचा धंदा हाय. माह्या पऱ्हाटीत काटेवाला दिसते, मी त्याले कीडच समजत होतो.

काउंटर नंबर ३
मी माझं सोडलं तेव्हा मला कुणी रसायनशास्त्राचा प्रश्न विचारला असता तर ‘बघून सांगते’ म्हणून सुटले असते. तुम्ही गच्चीत उभं राहून एवढं टाइप केलंत. सोडू नका.

तासिका_तत्त्व
आवड आहे म्हणून फुकट राबा, हेच तर सगळ्यांना पाहिजे आहे. मलाही आवड होती. काउंटरताई, तुमचा पगार एक तारखेला होतो, म्हणून दुसऱ्याला सल्ला देणं सोपं आहे.
तरी एक कामाचं सांगतो. नोकरी सोडू नका. हजर व्हा. पीएचडी अर्धवेळ करून घ्या, नियमात बसते, संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. आणि ते हजर होण्याच्या दिवशीच लेखी मागा. एकदा सही करून मस्टरवर नाव चढलं की ‘पुढच्या सभेत ठेवू’ म्हणतात आणि ती सभा होत नाही. मायक्रोस्कोपसाठी दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी धरा. शिक्षणसेवकाला रजा नावालाच असते, तिच्या भरवशावर राहू नका.

निवृत्त मास्तर
पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत आहे. ताई, फेलोशिपचं हमीपत्रही आजच काढून वाचा. नोकरीला लागल्याच्या तारखेपासून ती बंद करायचं कळवावं लागतं. एकाच महिन्यात दोन्हीकडचे पैसे खात्यात आले तर वसुली लागते.

मृगसर
हमीपत्र सापडलं, कपाटातच होतं. हजर होणार, हे यांना आत्ता सांगितलं. गाइडना फोन लागत नाहीये, सहमार्गदर्शकाच्या अर्जाचं त्यांना सकाळी परत विचारते. ना हरकत प्रमाणपत्राच्या अर्जाचा मराठी नमुना कुणाकडे आहे का? मुख्याध्यापकांच्या नावे करायचा की संस्थेच्या सचिवांच्या?

तासिका_तत्त्व
सचिवांच्या नावे, मुख्याध्यापकांमार्फत. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक घ्या. माझ्याकडचा जुना नमुना मेसेज केलाय, त्यातलं माझं नाव काढा म्हणजे झालं.

दुधाळ
फोटो टाकला ताई. दांड्याजवळचा मोठा आहे तो. आणि गोठ्याला चुना मारायचा होता, तो चालेल का?