धर्मनिरपेक्ष, निधर्मी आणि गणपतीची वर्गणी

प्रश्न (कोथरूडकर): सोसायटीच्या ग्रुपवर वर्गणीवरून जुंपली. एकाने लिहिलं, 'मी धर्मनिरपेक्ष आहे, वर्गणी देणार नाही.' लगेच दुसरे काका, 'मग सरळ निधर्मी म्हणा की!' हे दोन शब्द एकच का?

पेठकर: मुळीच नाही. निधर्मी म्हणजे ज्याला धर्म नाही तो. हा शब्द माणसाला लागतो, आणि आपल्याकडे बहुधा शिवीसारखाच लावतात. धर्मनिरपेक्ष असायचं ते राज्याने. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला मुक्कामी आली की आमची आजी पहाटेपासून रांगेत. पण मत देताना उमेदवाराचा देव कोणता हे तिने कधी विचारलं नाही. तिला निधर्मी म्हणायची कोणाची छाती होती?

सेवानिवृत्त मास्तर: घोळ 'निरपेक्ष'ने केलाय. निरपेक्ष सेवा म्हणजे बदल्यात काही न मागता केलेली. इथे अर्थ वेगळा. सापेक्ष शब्दात 'अपेक्षा' म्हणजे कशावर तरी अवलंबून असणं, तीच इथे आहे. धर्माचा आधार न घेता चालणारं, ते धर्मनिरपेक्ष. शिवाय 'धर्म' हा शब्द ऐसपैस. शेजारधर्म, गुणधर्म, धर्मशाळा! शेजारधर्म कोणी सोडायला सांगितलेला नाही. संविधानाच्या हिंदी पाठात म्हणूनच 'पंथनिरपेक्ष' आहे, मराठी उद्देशिकेत मात्र 'धर्मनिरपेक्ष'च.

कोथरूडकर: आणि हा शब्द १९७६ साली घुसडला म्हणतात ते?

मास्तर: उद्देशिकेत तेव्हा आला, ४२व्या घटनादुरुस्तीने. के. टी. शाह यांनी १९४८ सालीच संविधान सभेत मागणी केली होती, ती मान्य झाली नाही. पण २५व्या अनुच्छेदाच्या इंग्रजी मजकुरात 'सेक्युलर' पहिल्यापासून आहे. तिथे तो धर्माशी जोडलेल्या पण मुळात ऐहिक अशा व्यवहारांसाठी येतो, म्हणजे पैसाअडका, राजकारण वगैरे. या अर्थाला 'इहवादी' जास्त जवळचा. पण तो परिसंवादातच राहिला. मंडईत 'मी इहवादी' म्हणून पाहा, भाजीवाली मावशी आडनाव समजेल.

पेठकर: आपल्याकडचा खरा शब्द 'सार्वजनिक'. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० सालची. तिचं मूळ कशात? पर्वती संस्थानच्या, म्हणजे पर्वतीवरच्या देवस्थानाच्या, कारभाराबद्दलच्या तक्रारींत. देव राहिला बाजूला, हिशेब द्या म्हणाले लोक! आणि त्यातून उभं राहिलं राजकारण. जोतीरावांच्या पुस्तकाच्या नावातही 'सार्वजनिक सत्यधर्म' आहे. पुण्यात धर्म आणि राजकारण कधी वेगळ्या वाड्यांत राहिलेच नाहीत. भांडण असतं ते सामाईक विहिरीवरून.

डेक्कनवासी: सर्वधर्मसमभाव राहिला. तो मनोवृत्तीचा शब्द, माणसाला चालतो. पण समभाववाला सगळ्यांनाच वर्गणी देईल, हे त्या गृहस्थांना परवडायचं नाही.

मास्तर: त्यांना 'ऐच्छिक' म्हणायचं होतं.

कोथरूडकर: बरोबर. काल त्यांनी दिली वर्गणी. पावतीवर 'ऐच्छिक' लिहून घेतलं, आणि आरतीच्या प्रसादात पेढे की साखरफुटाणे हेही विचारून ठेवलं.